कपाटातला मायक्रोस्कोप

दहावीतल्या पोरीला आमच्या सोलापुरात पाहुणे दोनच गोष्टी विचारतात. किती टक्के पडतील, आणि पुढं बायो घेणार का मॅथ्स. बायो म्हटलं की लगेच, "मग नीट!" नीटच्या 720 मार्कांपैकी 360 बायोचे, हे आता आमच्या किराणावाल्यालाही पाठ आहे. आणि डॉक्टर व्हायचं नाही म्हटलं, की "मग कशाला त्या आकृत्या काढत बसतीस?" गाव डॉ. कोटणीसांचं. शाळेतलं भाषण त्यांच्यापासून सुरू होतं, आणि बायो म्हणजे डॉक्टर हे आमच्या डोक्यात तिथंच पक्कं बसतं.

मी चौदा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मलाही डॉक्टर व्हायचं होतं. मार्क पडले नाहीत, विषय संपला. पण माझं मत आता असं झालंय की दहावीपर्यंतचं जीवशास्त्र हे डॉक्टर न होणाऱ्यांसाठीच आहे. होणारे पुढं कैक वर्षं तेच शिकणार आहेत. बाकीच्यांची या विषयाशी ती शेवटची भेट. आणि ती आपण कशात घालवतो, तर टोकदार पेन्सिलीनं आकृती काढा, उजव्या बाजूला नावं द्या.

पालकसभेत मी विचारलं, मायक्रोस्कोप आहे का? आहे म्हणाले. दोन आहेत. कपाटात. मुलं लेन्स खराब करतात म्हणून बाहेर काढत नाहीत. सरांना दोष देऊन उपयोग नाही हे मलाही कळतं. वर्गात सत्तर पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, मध्येच कुठली तरी सर्वेक्षणाची ड्यूटी. पण मग प्रयोगवहीत "निरीक्षण" या मथळ्याखाली माझ्या लेकीनं जे लिहिलंय, ते निरीक्षण केलं कोणी? फळ्यावरून उतरवलेलं निरीक्षण! लॅबमध्ये मी असा रिपोर्ट दिला तर दुसऱ्या दिवशी घरी बसेन.

म्हणून एका रविवारी लॅबच्या मालकांना विचारून लेकीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना लॅबमध्ये नेलं. शंभरची, म्हणजे शंभरपट मोठं दाखवणारी, तेलाची लेन्स आधी बाजूला फिरवून ठेवली, ती मालकांचा जीव की प्राण. दोघींपैकी एकीचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. हंगामात तिथं कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, दिवसभर त्यांच्या पाठीवरून कांदाच जातो. कांदाही तीच घेऊन आली. पाकळी मोडली की आतल्या बाजूनं पारदर्शक पापुद्रा सुटतो, तो तिनं एका झटक्यात सोलला. माझ्या लेकीचा तीनदा फाटला.

पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, वर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, तिरकी टेकवत हळूच सोडायची असते, लेकीनं धपकन सोडली. डोळा लावला आणि ओरडली, "दिसली! गोल आहे, काळी कड आहे!" तो हवेचा बुडबुडा होता. पुस्तकात पेशी गोल काढलेली, त्यामुळं जे गोल दिसलं ती पेशी. त्या बुडबुड्यावर आम्ही पाच मिनिटं हसलो. मग स्लाइड पुन्हा केली आणि विटा रचल्यासारख्या लांबट पेशी दिसल्या, प्रत्येकीत पिवळसर तपकिरी ठिपका. केंद्रक. सेमी इंग्लिशच्या पोरी, त्या न्यूक्लियस म्हणाल्या. काहीही म्हणा बाई, दिसलं ना?

आणि मग त्या हमालाच्या पोरीनं विचारलं, "काकू, यात हिरवं कसं काहीच नाही ओ? वनस्पतीच्या पेशीत क्लोरोप्लास्ट असतंय की."

क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, उन्हाच्या मदतीनं अन्न तयार करणारा पेशीतला हिरवा भाग. मी उत्तर द्यायचं महत्प्रयासानं टाळलं. एवढंच विचारलं, कांदा वाढतो कुठं? मातीत. तिथं ऊन? जरा वेळ तिघी गप्प. मग तीच म्हणाली, "पात हिरवी असती. पातीत असणार मग." पुढच्या वेळी पात आणायची ठरलं.

हा प्रश्न आकृती काढून पडत नाही. आकृतीत क्लोरोप्लास्ट हिरव्या पेन्सिलीनं भरलेलंच असतं.

आता डॉक्टर न होणाऱ्यांचं. माझ्या भावाची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. पहिल्यांदा तेल्या आला, पानांवर तेलकट डाग, मग फळं तडकायला लागली. औषधाच्या दुकानात जे सांगितलं ते तो मारत सुटला, बरीचशी बुरशीनाशकं. तेल्या जिवाणूचा रोग, बुरशीचा नाही. त्यातली जिवाणूवरही चालणारी तांब्याची फवारणी सोडली तर बाकीचा पैसा मातीत गेला. जिवाणू, विषाणू, बुरशी यांतला फरक त्यानं शाळेत "फरक स्पष्ट करा" म्हणून लिहिला होता, तोही पूर्ण मार्कांचा. बागेत उभं राहिल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. शेवटी केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन आला. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत एक होती, छाटणी करताना कात्री प्रत्येक झाडानंतर हायपोक्लोराइट या जंतुनाशकात बुडवायची. मी लॅबमध्ये रोज टेबल त्यानंच पुसते! फोनवर तो म्हणाला, "तायडे, हे तू आधी का नाही सांगितलंस?" तू कधी विचारलंस, म्हटलं.

सहलीचंही तेच. नान्नजचं माळढोक अभयारण्य शहरापासून वीस-बावीस किलोमीटर, 1979 सालचं. माळढोक पक्षी आता सहसा दिसत नाही हो, पण काळवीट आहेत, नशीब असेल तर लांडगाही. शाळेची सहल मात्र वॉटर पार्कला.

तर, मालकांनी महिन्यातल्या एका रविवारी अकरानंतर परवानगी दिली आहे. आठवी ते दहावीची पोरं, एका वेळी चार. ओळखीच्यांनी मेसेज करा. शंभरच्या लेन्सला हात लावायचा नाही, आणि कांदे आपापले आणायचे. पातीसकट.