अकराशेच्या खंजिरीबद्दल

मागच्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली. लेख साधा होता. सकाळी उठून मी काय करतो, खंजिरी कशी मढवतो, संध्याकाळी प्रार्थनेला कसा जातो, एवढंच. प्रतिक्रिया मात्र साधी नव्हती. तिचा मतलब असा: ‘बाजारात अडीचशेला मिळते ती खंजिरी तुम्ही अकराशेला विकता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ज्या वाद्यावर गावं जागवली, त्याचा तुम्ही सेवाभाव सोडून धंदा मांडला. घोरपडीच्या कातड्याच्या आवाजासाठी उसासे टाकता, म्हणजे शिकारीचं कौतुकच करता. आणि गाव इतकं गोड रंगवता की शेजारच्या वावरात माणूस फास घेतो हे तुम्हाला दिसत नाही. मी दर्यापूरकडचाच आहे, आता पुण्यात असतो. मला गाव शिकवू नका.’

नाव लिहिलेलं नाही, म्हणून भाऊ म्हणतो. मी दोन ओळीत उत्तर देणार होतो. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘त्याईचं सगळंच काही खोटं नाही. तुमीच अर्धं लिवलं अन् अर्धं खाल्लं.’ म्हणून आज नीट बसलो आहे. बाहेर झड लागली आहे, कातड्याचं काम तसंही बंदच आहे.

आधी दराचं. अडीचशेची खंजिरी मला माहीत आहे भाऊ, तशा तीन माझ्याकडे दुरुस्तीला येऊन पडल्या आहेत. प्लॅस्टिकचं कडं, पत्र्याच्या झांजा, वर चिकटवलेला पातळ पडदा. लहान पोराला शिकायला ती चांगलीच आहे, आणि तसं विचारणाऱ्याला मीच सांगतो की माझ्याकडची घेऊ नका, पोरगं आठ दिवसांत सोडून देईल. पण कार्तिकाचा महिनाभर काकडा वाजवायचा असेल तर तिच्या झांजांच्या खिळ्या दुसऱ्या आठवड्यात ढिल्या होतात.

माझ्या खंजिरीचा हिशेब असा. लाकडी कडं मी अमरावतीहून लेथवर करून आणतो, त्याचे एकशे ऐंशी. पितळी झांजा एकशे वीस. कातडं एका नगामागे नव्वदच्या आसपास पडतं. खिळे, सरस, पॉलिश मिळून चाळीस. म्हणजे चारशे तीस गेले. पाचात एक तरी पडदा वाळताना फाटतो किंवा वाळल्यावर मुकाच निघतो, थाप मारली तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखा वाजतो. त्याचा खर्च उरलेल्या चारांवर बसतो. खोक्याचा आणि चिंध्यांचा खर्च वेगळा. शेवटी एका नगामागे साडेपाचशे हातात राहतात. मागच्या वर्षी एकशे अठरा खंजिऱ्या गेल्या. गुणाकार तुम्हीच करा, आणि बाराने भागा.

आता या साडेपाचशेत माझे किती दिवस गेले ते सांगतो, कारण लेखात मी ‘कातडं भिजवतो, ताणतो, वाळवतो’ असं एका दमात लिहून मोकळा झालो होतो. बकऱ्याचं कातडं आणलं की आधी मीठ धुवायचं. मग चुन्याच्या पाण्यात घालायचं, केस सुटेपर्यंत. उन्हाळ्यात दोन दिवसांत सुटतात, थंडीत चार-पाच दिवस लागतात. केस काढून झाले की मांसाची बाजू खरवडायची. खरी खंजिरी इथेच घडते. जाड राहिलं तर आवाज बसका, जास्त खरवडलं तर कड्यावर ताणताना टरकन जातं. हाताला कळतं, डोळ्याला नाही. मग चुना पुरता निघेपर्यंत धुवायचं, ओलं असतानाच कड्यावर ओढायचं आणि सावलीत ठेवायचं. उन्हात ठेवलं की कडा आधी आखडतात आणि मध्ये झोळ पडतो. ही अक्कल मला सात-आठ कातडी वाया घालवल्यावर आली.

आणि हे सगळं पावसाळ्यात होतच नाही. मृगापासून पोळ्यापर्यंत हवेत इतकी ओल असते की मढवलेला पडदा तीन दिवसांनीही गार लागतो, मग त्याला वास सुटतो. तयार खंजिरीसुद्धा या दिवसांत उतरते. म्हणून तर भजनाला बसण्याआधी जुने वादक ती निखाऱ्यावर धरून शेकतात. थोडक्यात, खंजिरीवाल्याचं वर्ष नऊ महिन्यांचं.

उरलेल्या दिवसांत मी नंदी करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे दर्यापूरकडच्या माणसाला सांगायला नको. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. फर्निचरवाल्याकडून सागाचे तुकडे आणतो, चाकं लावतो, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. वीतभर नंदीला तीनशे, हातभर असेल तर हजाराच्या वर. आषाढ-श्रावणात घर यावर चालतं. लेखात याचा उल्लेख नव्हता, कारण ‘वादक आणि वाद्यं बनवणारा’ असं म्हटलं की ऐकायला बरं वाटतं आणि ‘खेळणीवाला’ म्हटलं की नाही. तेवढा अहंकार माझ्यात आहे, आता कबूल करतो.

त्या अहंकाराची एकदा चांगली जिरली. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. अवजारांसाठी पंधरा हजार, पहिलं कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने. मी कागद घेऊन सेवा केंद्रावर गेलो. पोराने यादी उघडली. एकूण १८ धंदे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, शिंपी, धोबी, टोपल्या विणणारे, मासेमारीची जाळी करणारे, अगदी होड्या बनवणारेसुद्धा. वाद्यं बनवणारा नाही. पोरगं म्हणालं, ‘काका, बाहुल्या-खेळणी लिवू का?’ मी म्हटलं, माझं काम वाद्याचं आहे. ते म्हणालं, ‘मंग सुतार लिवू?’ मी फणकाऱ्याने कागद उचलून घरी आलो. आठ दिवसांनी पुन्हा गेलो आणि म्हटलं, लिव बाबा खेळणी. खोटं तर नव्हतंच, नंदी करतोच की!

मिरजेचं उदाहरण लोक मला नेहमी देतात. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तशी तुमच्याकडे चळवळ करा म्हणतात. मिरजेत पिढ्यान् पिढ्या हे काम करणारी घराणी आहेत, सतारीला लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, गाणारे देशभरातून तिथे जातात. आमच्या तालुक्यात मी आहे आणि एक ढोलकी मढवणारे म्हातारबुवा आहेत, त्यांना आता दिसत नाही. मानांकनासाठी गाव लागतं, आम्ही दोघे ओट्यावरही मावतो.

आता धंद्याचं, कारण ते मला खरं लागलं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, यावलीचा. त्यांचा आश्रम, गुरुकुंज मोझरी, आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. त्यांच्या हातातली खंजिरी आमच्याकडे प्रत्येक घरातल्या फोटोत आहे. गुरुदेव सेवा मंडळात पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे मी बावीस वर्षं वाजवतो. त्याचे पैसे आजवर घेतले नाहीत आणि कोणी देऊ केले तर घेणार नाही. ३० एप्रिलची ग्रामजयंती, म्हणजे महाराजांची जयंती असो, कोणाच्या घरची तेरवी असो की नुसती गुरुवारची बैठक असो. मयतीला तर रात्री दोनलाही उठून जावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी खरवडायला बसलं की हात चालत नाही. भजन विकत नसतं ही आमच्याकडची रीत आहे आणि ती मला मान्य आहे.

पण मग खायचं काय भाऊ? गाणं फुकट असावं हे ठरवलं की वाद्याला पूर्ण दाम यायलाच पाहिजे. दोन्ही फुकटात द्या म्हणणारा माणूस शेवटी अडीचशेचं प्लॅस्टिक वाजवतो. उलट मला असं वाटतं की अकराशे घेतो म्हणूनच संध्याकाळी सव्वासहाला हात धुऊन प्रार्थनेला जाऊ शकतो. नाहीतर त्या वेळी मी कोणाच्या तरी लग्नाच्या बँडमध्ये असतो. तेही केलं आहे, चार हंगाम. बिदागी चांगली होती, पण वैशाखात रोज पहाटे तीनला घरी यायचो आणि पोरगी मला ओळखेनाशी झाली होती.

या निमित्ताने आणखी एक. तुम्ही सेवाभाव म्हणालात. बुवांच्या हातातली खंजिरी पवित्र असते, तिला नमस्कार करून लोक बाजूला ठेवतात. ती मढवणाऱ्याच्या अंगणात मात्र चुन्याच्या टाकीचा वास येतो म्हणून वाट बदलतात. कातड्याला हात लावणाऱ्याकडे गाव कोणत्या नजरेने बघतं हे तुम्हीही पाहिलं असेल. माझ्याकडे कातडं आणून देणारा दारातून आत येत नाही. मी बोलावतो, तो म्हणतो, ‘राहू द्या ना दादा, कायले लोकाईले तरास.’ ज्या महाराजांनी जातपात मोडा म्हणून गावोगाव ओरडून सांगितलं त्यांच्या तालुक्यातली ही गोष्ट आहे. धंद्यापेक्षा याचा राग आला असता तर मला आवडलं असतं.

घोरपडीबद्दल तुमचं बरोबर आहे. मी लिहिलं होतं, ‘तो जुना आवाज आता निघत नाही.’ वाक्य खरं आहे, पण उघडं टाकलं ते चुकलं. जुन्या खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं असायचं, ते पातळ आणि चिवट, बोटाने दाबलं की सूर लांबपर्यंत खाली येतो. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, मारली तर तीन ते सात वर्षं आत. तरी वर्षातून एखादा माणूस पिशवी पोटाशी धरून येतोच. ‘असली आणलं हाय, लावून द्या.’ मी त्याला अंगणातूनच परत पाठवतो, चहासुद्धा विचारत नाही. बकऱ्याचं कातडं जास्त खरवडून मी त्या आवाजाच्या बारा आणे जवळ पोचलो आहे. उरलेले चार आणे घोरपडीकडेच राहू द्या. मागच्या लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

राहिलं गाव गोड रंगवल्याचं. इथे बायको म्हणाली ते खरं, अर्धं मी खाल्लं. माझ्या घराला महिन्याच्या महिन्याला जो एकच पैसा ठरलेला येतो तो तिचा. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. वडिलांचं अडीच एकर वावर मक्त्याने दिलं आहे, कारण दोन वर्षं सोयाबीन काढून मजुरीही निघाली नव्हती. ‘स्वतःचा मालक’ असं मी ऐटीत लिहिलं, पण किराणा दुकानातली वही बायकोच्या नावावर चालते.

फास घेणाऱ्या माणसाचं दिसत नाही असं मात्र म्हणू नका. त्या घरी भजनाला आम्हीच जातो. गेल्या भादव्यात गेलो त्या घरच्या माणसाची ढोलकी माझ्याकडे होती, पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलायला दिलेली. काम होऊन आठ दिवस झाले होते. तो सांगून गेला होता की सोयाबीन निघालं की नेतो. त्या रात्री मी त्याच्याच ओट्यावर खंजिरी वाजवत होतो आणि ढोलकी माझ्या घरात खुंटीला टांगलेली होती. तेरवी झाल्यावर घेऊन गेलो तर वहिनी म्हणाल्या, ‘ठेवा तुमच्याचकडे, पोरगा मोठा झाला का नेईल.’ अजून आहे. दर महिन्याला वादी ओढून ठेवतो, ढिली पडू देत नाही.

हे मी लिहिलं नव्हतं कारण आमचं गाव लहान आहे. नाव न घेताही प्रत्येकाला कळतं कोण ते. वहिनी फोनवर वाचतात, त्यांचा पोरगा वाचतो. आज लिहिलं तेही काल त्यांच्याकडे जाऊन विचारून. त्या म्हणाल्या, ‘ढोलकीचं लिवा, बाकीचं नका लिवू.’ म्हणून बाकीचं नाही.

अजून एक विचारणा तुमच्याच प्रतिक्रियेखाली दुसऱ्या कोणी केली आहे, खंजिरी कधी मिळेल म्हणून. अश्विन वद्य पंचमीला मोझरीत महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम असतो, सारी मंडळं त्याच्या आधी मागतात, म्हणून पोळा झाल्यावर लगेच कातडी भिजत घालणार आहे. ऊन पडलं तर कोजागिरीपर्यंत पंचवीस होतील. त्यातल्या एकोणीस सांगून झालेल्या आहेत. नंदी मात्र आजच तयार आहेत, तीनशेवाले.