मॅकॉय टायनर आणि त्याचा डावा हात

६ मार्च आला की जॅझ पियानिस्ट मॅकॉय टायनरचा फोटो फिरतो आणि खाली ठरलेली ओळ असते: ‘कोल्ट्रेनचा पियानिस्ट’, म्हणजे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा. मॅकॉय याच तारखेला, २०२० साली, ८१ वर्षांचा होऊन गेला. कोल्ट्रेनबरोबर तो होता १९६० ते १९६५. पुढची पन्नासेक वर्षं गेली कुठे? दुसरं ठरलेलं कौतुक म्हणजे ‘काय गडगडाट होता!’ होता, मान्य. पण नुसता जोर म्हणजे मॅकॉय असं समजून पियानो बडवणारे पाहिले की वाटतं, हा माणूस नीट ऐकलाच नाही कुणी.

पियानो जवळ असेल तर करून बघा. सा पांढरी दोनला (डी) धरा, म्हणजे अख्खा काफी थाट (ग आणि नी कोमल) पांढऱ्या पट्ट्यांवर येतो. नेहमीचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर, सा-ग-प. मॅकॉयचा डावा हात ठेवायचा सा-म-नी, म्हणजे षड्ज-मध्यम भाव, एकावर एक दोनदा. गंधारच नाही, त्यामुळे कॉर्ड धड मेजर नाही, धड मायनर नाही. सोलोला रान मोकळं. हाच आकार एकेक पट्टी वर सरकवा: रे-प-सा, ग-ध-रे, म-नी-ग. सातांपैकी पाच जागी अंतर शुद्ध मध्यमाचं येतं. ग-ध-रे आणि नी-ग-ध या दोन ठिकाणी मात्र ग ते ध हे अंतर तीव्र मध्यमाचं, म्हणून जरा खुपतं. खुपू द्या. काळी पट्टी घेऊन ते गोड करायला गेलात की थाटच बदलतो.

आता गडगडाट. समेवर खर्जात फक्त सा-प, वजन देऊन, स्वर घुमत ठेवणारं पेडल दाबून. हात लगेच उचलायचा आणि पियानोच्या मधोमध, मधल्या सी पट्टीच्या आसपास सा-म-नी. खालचा सा-प तानपुऱ्यासारखा घुमतो आणि वरचे कॉर्ड त्यावर तरंगतात. बहुतेकांचं इथेच बिघडतं. सा-म-नी पण खर्जातच वाजवतात. तिथल्या जाड तारांचे उपस्वर एकमेकांत मिसळतात आणि नुसता चिखल होतो. दुसरी चूक, पेडल सोडायचंच नाही. वरचा कॉर्ड बदलला की पेडलही बदललंच पाहिजे.

उजव्या हाताला सा ग म प नी, म्हणजे धानी रागाचे स्वर. मग अर्धा सूर वर सरका: नेमक्या पाचही काळ्या पट्ट्या हाताखाली येतात. आधीच्या पाचांतला एकही स्वर त्यात नाही. ही मॅकॉयची थाटाच्या ‘बाहेर जाण्याची’ वाट. वाट सोपी आहे, परतणं अवघड. चार मात्रा बाहेर, आणि समेला खर्जातल्या सा-प वर धाडकन घरी. सम चुकली की तेच स्वर बेसूर वाटतात. ऐकणाऱ्याला कळत नाही की हा मुद्दाम गेला होता की घसरला होता.

हे ऐकायचं तर ‘द रिअल मॅकॉय’ हा अल्बम घ्या, २१ एप्रिल १९६७ चं रेकॉर्डिंग. ड्रमवर एल्विन जोन्स, बासवर रॉन कार्टर, सॅक्सवर जो हेंडरसन. पहिलंच ‘पॅशन डान्स’, आणि पहिल्यांदा फक्त डावा हात ऐका. त्याच तबकडीवरचं ‘सर्च फॉर पीस’ मात्र लोक पुढे ढकलतात. मला तर तो गुन्हाच वाटतो.

आणि एक. हा सा-म-नीचा आकार सगळीकडे चिकटवू नका. दर दोन मात्रांना कॉर्ड बदलणाऱ्या गाण्यात गंधार लपवला तर चाल कुठून कुठे गेली तेच ऐकू येत नाही. हे मॅकॉयला पुरतं ठाऊक होतं. ७ मार्च १९६३ ला कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांची सहा गाणी रेकॉर्ड झाली, पियानोवर मॅकॉय. हार्टमन ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्या फटीत पियानो काय बोलतो ते ऐका. गडगडाट औषधालाही नाही.