आधी पंप, मग वजन

दमा असलेल्या बाईचं वजन जास्त असलं की दवाखान्यात, लग्नकार्यात, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाकडून एकच ऐकू येतं: "आधी वजन कमी कर." माझ्या ताईने हे इतक्यांदा ऐकलं की धाप लागली तरी ती कुणाला सांगेनाशी झाली. मला याचा मनापासून राग येतो.

वजनाचा आणि दम्याचा संबंध खरा आहे. 2007 साली सात अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा जास्त वजनाच्या लोकांत नव्याने दमा होण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली. पोटाची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, फुफ्फुसं पुरेशी फुलत नाहीत, श्वासनलिका अरुंद राहतात. शिवाय चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात. अशा दम्यात काहींना स्टेरॉईडचा, म्हणजे सूज कमी करणाऱ्या औषधाचा, पंप (इनहेलर) कमी लागू पडतो, हेही खरं.

पण दम्यामुळेही वजन वाढतं, ते कुणी का बोलत नाही? धाप लागते म्हणून चालणं सुटतं. "पंपाची सवय लागते" म्हणून पंप टाळला जातो. मग दमा उसळला की स्टेरॉईडच्या गोळ्या, आणि त्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागल्या की भूकही वाढते, वजनही. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. तरी भीती पंपाची! त्याहून वाईट म्हणजे दम्यावरच्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलं आहे. आराम पडतो, चेहरा गोल होतो, आणि घरचे म्हणतात, औषध अंगी लागलं.

दुसऱ्या बाजूने, जाड माणसाची प्रत्येक धाप दम्याची नसते. म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायची तपासणी, हवीच. ताईची ती कितीतरी उशिरा झाली. त्यानंतर पंप रोज, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सुरू झाला आणि मगच तिला संध्याकाळी चालता येऊ लागलं. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी दमा जास्त आटोक्यात येतो. म्हणजे 80 किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो. पण त्यासाठी आधी श्वास तर पुरला पाहिजे!

तेव्हा अशी कुणी भेटली तर विचारा: पंप रोज घेतेस ना? कसा ओढायचा ते कुणी दाखवलंय का? फुंकायची तपासणी झाली का? वजनाचं ती आणि तिचे डॉक्टर बघतील.