अध्यक्षांचं लाल बटन

शेतकरी गटानं तूरडाळ ऑनलाइन विकायची ठरवलं आणि आर्वीच्या आसपास वेबसाइट करणारा रिकामा माणूस मीच सापडलो. मोबदला डाळीत ठरला.

अध्यक्षांची अट एकच. "सगळ्याइले बटन दे. लालभडक." 'आमच्याविषयी' बटन, 'डाळीचे भाव' बटन. पुण्याच्या भाच्यानं पाठवलेल्या टेम्प्लेटमध्ये तसं होतंही.

मला काय, डाळीशी मतलब. पण गटाचे सचिव आमचे गुरुजी. त्यांना दिसत नाही. ते एनव्हीडीए लावून कॉम्प्युटर वापरतात. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं 2006 साली लिहायला घेतलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. गुरुजींनी त्याचा वेग इतका वाढवलाय, की मला पहिला शब्द कळेस्तोवर ते पान संपवतात.

"काहून बे, हे 'भाव, बटन' म्हणते. मले वाटलं दाबलं का इथंच काही उघडंन, त यानं दुसऱ्याच पानावर नेऊन टाकलं! बटनं पाहाले 'बी' अक्षर दाबलं, त बटनंच बटनं. लिंक पाहाले 'के' दाबलं, त एकबी नाही. एवढी वेबसाइट, अन् जायाले जागाच नाही?"

"पण गुरुजी, अध्यक्ष म्हणतात..."

"लिंक म्हंजे एसटीची पाटी. कुठं नेते ते सांगते. बटन म्हंजे कंडक्टरची घंटी, वाजवली का काहीतरी होते. पाटी काढून घंट्या टांगशीन, त पॅसेंजर बसंन कशात?"

खरी गंमत 'ऑर्डर करा'ची. सगळ्यात लाल तेच, आणि आतून नुसता डिव्ह, म्हणजे कोडमधला बिननावाचा रिकामा डबा! माउसनं चालायचं, कीबोर्डवरची टॅब कळ मात्र त्याला न शिवता पुढे. मी 'रोल' बटनाचा दिला. आता एनव्हीडीए त्याला बटन म्हणू लागला, पण टॅब थांबेना. टॅबइंडेक्स घातला, टॅब थांबला, तर एंटर चालेना. त्याची स्क्रिप्ट लिहिली, तर स्पेस राहिली. साधा बटन टॅग, म्हणजे कोडमधली खऱ्या बटनाची खूण, लावला असता तर हे सगळं ब्राउझरनं फुकटात दिलं असतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "दिसतंय ना बटनासारखं?"

शेवटी तोड काढली : रंग अध्यक्षांचा, टॅग गुरुजींचा. ऑर्डरला खरं बटन, पानांना खऱ्या लिंका, वरून सगळं लाल. मला हे पूर्ण पटलेलं नाही. गुरुजींचं भागलं, पण डोळ्यांनी बघून कीबोर्ड वापरणारा बटन समजून स्पेस दाबणार. बटन स्पेसनं चालतं. लिंकेवर स्पेस दाबली की पान खाली सरकतं.

ते दाखवायला मी अध्यक्षांचा माउस काढून घेतला. ते टॅब दाबत 'डाळीचे भाव'वर आले आणि थाटात स्पेस मारली. पान सर्रकन खाली गेलं, आणि समोर फेट्यातला त्यांचाच फोटो.

अध्यक्ष घडीभर बघत राहिले. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"हे मस्त केलं तू. सगळ्याइले असंच करून टाक."