'खेळतो' म्हणणाऱ्या खेळाडूचं ऐकायचं का?

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागूनही खेळाडू 'खेळतो' म्हणत असेल तर डॉक्टरांनी मध्ये पडू नये, तपासणीसाठी थांबलं की खेळाची लय तुटते, फार तर सगळ्यांना हेल्मेट द्यावीत, आणि असेच लाड चालले तर उद्या हेडरवरही (डोक्याने चेंडू मारण्यावरही) बंदी येईल.

पहिल्या मुद्द्यावर आपलं जमणं कठीण आहे. 2014 च्या विश्वचषकाची फायनल आठवा. अर्जेंटिनाच्या गरायचा खांदा जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या तोंडावर आदळला. गडी उठला आणि पुन्हा खेळायला लागला. थोड्या वेळाने त्याने रेफरी रिझोलींनाच विचारलं, 'ही फायनलच आहे ना?' त्यांना आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्यांनी जर्मनीच्याच श्वाइनस्टायगरच्या कानावर घातलं आणि 31व्या मिनिटाला क्रामर बाहेर गेला. पहिल्या हाफमधलं काहीच आठवत नाही, असं तो नंतर म्हणाला. आता अशा माणसाचं 'मी खेळतो' कितपत धरायचं? पाय मोडला तर निदान डोकं तरी ठिकाणावर असतं. इथे ज्याने ठरवायचं, मार त्यालाच लागलेला असतो. त्याच स्पर्धेत उरुग्वेचा पेरेरा इंग्लंडविरुद्ध बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर आल्यावर त्याला बाहेर काढू पाहणाऱ्या डॉक्टरांवरच ओरडला. पुढे खेळलाही.

हेल्मेटचं म्हणाल तर ते कवटी वाचवतं. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हादरा बसून होणाऱ्या दुखापतीत, मेंदू कवटीच्या आत हिसका खातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये कडक हेल्मेट कित्येक दशकं आहेत, तरी तिथले खेळाडू यातून सुटलेले नाहीत.

हेडरची गोष्ट मात्र तुम्ही म्हणता तितकी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांच्या साधारण साडेतीनपट आहेत. पुढे त्यांनी खेळाडूच्या मैदानावरच्या जागेनुसार पाहिलं, तर धोका सर्वाधिक बचावपटूंना होता आणि गोलकीपरांना जवळपास सामान्य माणसाइतकाच. बचावपटू हेडर भरपूर मारतात आणि गोलकीपर क्वचितच, हे तुम्हाला मी सांगायला नको. (याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले, त्यामुळे 'फुटबॉल सोडा' असं मी म्हणत नाहीच.) बंदीचं म्हणाल तर अमेरिकेत 10 वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडर मारू द्यायचा नाही, असं 2015 मध्येच ठरलं. मोठ्यांना सामन्यात कोणी अडवलेलं नाही.

माझी मागणी खरं तर छोटी आहे. 2024 पासून नियमांत कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूची सोय आहे, पण बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही. म्हणून संघाचे डॉक्टर मैदानाच्या कडेला, हजारोंच्या गोंगाटात, घाईघाईत निर्णय घेतात, आणि शंका असली तरी चांगला खेळाडू गमवायला कोच तयार नसतो. रग्बीत तात्पुरती बदली देतात आणि खेळाडूला आत नेऊन शांतपणे तपासतात. खेळाडूंची संघटना फिफप्रो हेच मागते आहे, फुटबॉलचे नियम ठरवणारं मंडळ आयएफएबी अडून बसलं आहे. तपासणीसाठी थांबण्याने खेळाची लय तुटते, ही तुमची तक्रार खरी आहे. तपासणी आत नेली तर ती लयही टिकेल.