क्युब्रिकनं चंद्र स्टुडिओत उभारला? आधी त्याचं तंत्र समजून घ्या

वर्षानुवर्षं एक संदेश फिरतोय. अपोलो ११ चं चांद्रावतरण चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकनं स्टुडिओत चित्रित केलं, '२००१: अ स्पेस ओडिसी' हा त्याचा चित्रपट म्हणजे त्याची रंगीत तालीम होती, बदल्यात नासानं त्याला एक दुर्मिळ लेन्स दिली आणि पुढे 'द शायनिंग' या चित्रपटात त्यानं आडून कबुलीही दिली, असं त्यात म्हटलेलं असतं. एकेक मुद्दा घेऊ.

'तसं तंत्र त्याच्याकडे होतं.' होतं, त्याचं नाव फ्रंट प्रोजेक्शन. पण ते कसं चालतं हे पाहिलं की दावा तिथंच संपतो. '२००१'मधल्या आदिमानवाच्या प्रसंगांत मागे दिसणारं आफ्रिकेचं माळरान म्हणजे ८ बाय १० इंची पारदर्शिका, म्हणजे प्रकाश आरपार जाणारं छायाचित्र. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत एक अर्धपारदर्शक आरसा असतो. बाजूच्या प्रोजेक्टरचा प्रकाश त्यावरून वळून समोरच्या पडद्यावर पडतो. पडदा स्कॉचलाइटचा, म्हणजे बारीक काचमण्यांचा. तो प्रकाश इकडेतिकडे न पसरवता आल्या वाटेनं परत पाठवतो, म्हणून कॅमेऱ्याला चित्र लख्ख दिसतं. नटांच्या अंगावरही तेच चित्र पडतं, पण ते इतकं फिकं असतं की सेटवरच्या दिव्यांत विरून जातं.

यात एक अट आहे. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांची भिंगं प्रकाशाच्या हिशेबानं एकाच बिंदूवर हवीत. जरा हललं की नटाची सावली त्याच्या कडेनं काळ्या रेघेसारखी डोकावते. म्हणजे कॅमेरा उचलून चालायची सोयच नाही. अपोलो ११ मध्ये तर नील आर्मस्ट्राँगनं टीव्ही कॅमेरा यानापासून काढून दूर नेला, आसपासचा देखावा दाखवला आणि मग स्टँडवर ठेवला. हे सगळं थेट प्रक्षेपण सुरू असताना!

हे तंत्र खूणही मागे ठेवतं. '२००१'मधल्या बिबट्याचे डोळे आठवा. ते पेटल्यासारखे चमकतात, कारण प्रोजेक्टरचा प्रकाश त्याच्या बुबुळांतून थेट कॅमेऱ्याकडे परततो. अंतराळवीराच्या शिरस्त्राणाची सोनेरी काच म्हणजे बहिर्गोल आरसाच. तिच्यात प्रोजेक्टरचा ठिपका उमटल्याशिवाय राहिला नसता. बझ ऑल्ड्रिनच्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या काचेत आर्मस्ट्राँग, यान आणि मोकळी जमीन दिसते.

आणि 'तालीम' म्हणाल, तर '२००१'मधला चंद्र सुळक्यासुळक्यांचा, टोकदार आहे. अपोलोच्या छायाचित्रांतल्या टेकड्या गोलसर, झिजलेल्या आहेत. चित्रपट एप्रिल १९६८ मध्ये आला, अवतरण २० जुलै १९६९ ला झालं. तालमीतला चंद्र चुकला, असंच म्हणायचं का?

'चित्रण संथ गतीनं दाखवलं.' चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. पृथ्वीवरची उडी चांद्र उडीसारखी दिसायला गती ६ च्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे २.४५ पटीनं कमी करावी लागते. मग हात हलवणं, मान वळवणं, सगळंच तेवढं मंदावतं. अपोलोच्या चित्रणात उड्या लांबतात, हात मात्र नेहमीच्या चपळाईनं हलतात. आणि धूळ पाहा. अपोलो १६ च्या बग्गीच्या चाकांनी उडवलेली धूळ कमान करून थेट खाली पडते. हवा असती तर तिचे लोट तरंगत राहिले असते, आणि फिल्मची गती कितीही बदलली तरी ते लपले नसते.

'लेन्स हा मोबदला होता.' झाइस या भिंगं बनवणाऱ्या कंपनीची ती ५० मिमी, एफ ०.७ (म्हणजे अगदी कमी उजेडातही चालणारी) लेन्स खरोखर नासासाठी बनली होती. एकूण १० बनल्या: ६ नासाकडे गेल्या, १ झाइसनं ठेवली आणि ३ क्युब्रिकनं विकत घेतल्या. 'बॅरी लिंडन'मधले (१९७५) मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग त्यांनीच टिपले. लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ बसवावं लागत असल्यानं त्यासाठी मिचेल कॅमेऱ्यात यांत्रिक फेरफार करावे लागले. इतकी खटपट करून उभं केलेलं काम कुणाची तरी बक्षिसी म्हणून खपवणं हा त्या तंत्रज्ञांवर अन्याय आहे.

'द शायनिंग'मधली खोली २३७ म्हणजे चंद्र २,३७,००० मैलांवर, हीच म्हणे ती कबुली. सरासरी अंतर सुमारे २,३८,८५५ मैल आहे. चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला, तिच्यात खोली २१७ होती. हॉटेलच्या बाहेरची दृश्यं ज्या टिंबरलाइन लॉज या खऱ्या हॉटेलची घेतली, तिथं २१७ क्रमांकाची खोली खरोखर होती आणि पाहुणे ती घ्यायला घाबरतील अशी व्यवस्थापनाला धास्ती वाटली. त्यांच्याच विनंतीवरून तिथं नसलेला २३७ हा क्रमांक घेतला.