४१ हर्ट्झचं दुःख

मी बॅंडमध्ये बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतो. लाइव्ह शोमध्ये बेसवाल्याचं तसं बरं असतं, मोठाले स्पीकर असतात, पुढच्या रांगेतल्या पब्लिकच्या छातीत धडधडतं, निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं. स्टुडिओत मात्र बेसवाल्याचं मुख्य काम म्हणजे सोफ्यावर बसणं.

सिंगल्स केले तेव्हा हे एवढं जाणवलं नव्हतं. एकच गाणं घेऊन जायचं, जोशात वाजवायचं, कच्चं मिक्स ऐकत घरी यायचं, विषय संपला. मग कोणाच्या तरी डोक्यात अल्बमचा किडा वळवळला. गायक म्हणाला त्यात काय, बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ला एका दिवसात पहिल्या अल्बमची १० गाणी उरकली होती, बाकीची ४ तर आधीच्या सिंगल्सचीच, आणि त्यात लेननला सर्दी झालेली. हे वाक्य तो पुढे रोज म्हणायचा, फक्त दिवसेंदिवस आवाज बारीक होत गेला.

पहिला नंबर ड्रम्सचा. नुसते माइक लावण्यातच अर्धा दिवस जातो. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटात उशी कोंबा, टॉमला टेप चिकटवा, आणि मग इंजिनिअर म्हणतो, "स्नेअर दे." ठक्. "अजून दे." ठक् ठक्. तो डोळे मिटून मान हलवत असतो, पण ती हो म्हणून हलतेय की नाही म्हणून, हे कोणाच्या बापाला कळत नाही. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ताल मोजणारी मशीनची टिकटिक, आणि दोन टेक झाले की ह्याचं सुरू, "अरे हा क्लिक मधेच स्लो होतोय." मशीनला सांगतोय! त्यात मी त्याच्यासोबत रूममध्ये बेस वाजवायला लागलो तर स्नेअरच्या खालच्या तारा आपोआप झणझणायला लागल्या, कारण एक वाजलं की दुसरं थरथरतं हे फिजिक्स आहे. इंजिनिअरने शांतपणे सांगितलं, बेसला बाहेर काढा. बेसला म्हणाला, बेसवाल्याला नाही, पण उठून मीच गेलो.

गिटारवाल्याचं वेगळंच. अँपच्या स्पीकरसमोर माइक मधोमध धरला की आवाज टोचतो आणि कडेला नेला की मऊ होतो, ह्या एवढ्याशा अंतरात त्याने अख्खी दुपार घालवली. वर परत तेच सगळं दुसऱ्यांदा वाजवलं, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. मी सोफ्यावर.

शेवटी माझा नंबर लागला. वायर सरळ डीआय बॉक्समध्ये, म्हणजे गिटारचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगला देणाऱ्या डबीत, माइक नाही अँप नाही, मी आत्ता कुठे गरम होतोय तोवर इंजिनिअर म्हणाला, "ओके, झालं." म्हटलं अजून एक टेक घेऊ? म्हणाला, "कशाला?" त्या "कशाला"ला उत्तर नव्हतं हो माझ्याकडे.

गायकाने लाइट घालवून गायलं, मूड लागतो म्हणे. मग वेगवेगळ्या टेकमधल्या ओळी निवडून जोडल्या. त्यामुळे आमच्या टायटल साँगची पहिली ओळ सोमवारची आहे, दुसरी गुरुवारची, आणि मधला श्वास कुठल्या दिवसाचा ते इंजिनिअरलाच ठाऊक.

मिक्सिंगला तर युद्धच. जो तो म्हणतो मला जरा वाढव, बाकी सगळं परफेक्ट आहे. सगळेच वाढले तर कोणीच वाढत नाही हे कोण सांगणार. ह्यावर जुन्या इंजिनिअर लोकांचा एक उपाय आहे, कशालाच न जोडलेला एक नॉब घ्यायचा आणि गंभीर चेहऱ्याने फिरवायचा. आमच्याने फिरवला. गिटारवाला खूश, "आत्ता कसं!"

अल्बम आला. आत्याने उत्साहाने फोनवर लावला, खिडकीशी उभी राहून सगळा ऐकला. आता बेसची सगळ्यात जाड तार वाजते ४१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं, आणि फोनचा तो नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही.

"छान झालंय रे. तू कुठल्या गाण्यात आहेस?"

"सगळ्याच."

तिला वाईट वाटलं असावं. मग मीच माझे हेडफोन दिले आणि पहिलं गाणं परत लावलं. तिने अगदी मन लावून ऐकलं, बोटाने ताल धरला आणि एकदम चेहरा उजळला, "हां हां, हे धप् धप् करतोयस ते तूच ना?"

तो किक ड्रम होता. मी हो म्हटलं.